आमच्या टेबलावरची राणी

खाट जोडून झाली की एक स्क्रू उरतोच! आमची कंपनी हॉस्पिटलच्या खाटा बनवते, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगते. ड्रॉइंग बरोबर असतं, स्क्रू मोजून दिलेले असतात, खाट टेस्टमध्ये पास होते आणि तरी शेवटी टेबलावर एक स्क्रू राहतो. आमच्या वर्कशॉपचे हेर क्राउझे (जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत) तो उचलतात आणि काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकतात. तीस वर्षांत त्यांच्या तीन बरण्या भरल्यात.

किस्सेही असेच साठतात. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, ते उरतात. माझ्या बरणीतले बहुतेक स्क्रू एकाच बाईचे आहेत. तिचं नाव ओदेत. पूर्वी मी हे किस्से फोनवर पुण्याच्या मैत्रिणींना हसत हसत सांगायचे. आता सांगायला बसले की मध्येच कुठेतरी आवाज बदलतो, आणि मैत्रिणी विचारतात, "मेधा, रेंज गेली का गं?"

तर, कंपनी जर्मनीत, बाड हॉम्बुर्गच्या पुढे दोन स्टेशनांवर. दुपारी साडेबाराला कँटीनमधलं खिडकीजवळचं टेबल आमचं. आम्ही चौघं. मी व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका शोधायचा पगार घेते. निखिल कांबळे डिझाइनमध्ये, मूळ नागपूरचा. हेर क्राउझे तुम्हाला माहीत झालेच. आणि ओदेत, मूळ कॅमेरूनची. आधी ती नर्स होती, आता गावोगावच्या हॉस्पिटलांत जाऊन तिथल्या नर्सेसना आमच्या खाटा वापरायला शिकवते.

आणि ओदेत राणी आहे. म्हणजे लाडाने नव्हे हो, खरीखुरी!

* * *

तीन वर्षांपूर्वी ओदेतचा नवरा फ्रँकफर्टच्या विमानतळावर इंजिनिअर होता. सामानाचे पट्टे फिरते ठेवायचे, हे त्याचं काम. नाव सिल्वेस्त्र. हे नाव मी इथे एकदाच लिहितेय. का, ते पुढे कळेल.

त्याचे वडील पश्चिम कॅमेरूनच्या डोंगरातल्या एका छोट्या राज्याचे राजे. ते गेले, म्हणून हा अंत्यविधीला निघाला. दोन आठवड्यांचं रिटर्न तिकीट काढलं. जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेला : 'कचऱ्याचा पिवळा डबा मंगळवारी बाहेर ठेवणे.'

आता तिथली पद्धत अशी, की पुढचा राजा कोण हे राजाच्या मुलांना माहीत नसतं. म्हातारा राजा दोन-चार मानकऱ्यांच्या कानात सांगून ठेवतो. अंत्यविधीच्या दिवशी सगळे मुलगे मैदानात उभे असतात, आणि मानकरी गर्दीतून घुसून त्यातल्या एकाला धरतात. अक्षरशः धरतात, दंडाला आणि कमरेला! मग त्याला नऊ आठवडे एका झोपडीत ठेवून राज्य कसं करायचं ते शिकवतात. बाहेर येतो तो राजा होऊनच. मध्ये 'मला नको' म्हणायची सोय नाही.

हा नववा मुलगा. आपल्याला कोण धरणार, म्हणून मागे उभा राहून फोटो काढत होता.

ओदेत तेव्हा बिल्डिंगच्या तळघरात, वॉशिंग मशीनपाशी. दिराचा फोन आला. "वहिनी, त्याला धरलं."

ओदेतच्या हातातून साबणाचा डबा पडला. "कोणी? पोलिसांनी?"

"नाही," दीर म्हणाला, "आपल्या लोकांनी."

ओदेतने हे टेबलावर सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. ओदेतही हसली. निखिलला राहवलं नाही. तो म्हणाला, "कमाल आहे! आमच्या सिद्धार्थाने राजवाडा सोडला आणि बाहेर पडला. तुमच्या लोकांनी चांगला बाहेर पडलेला माणूस पकडून आत घातला!"

ओदेतने विचारलं, हा सिद्धार्थ कोण? निखिलने मनापासून सगळं सांगितलं. रथ, म्हातारा, आजारी माणूस, सगळं. क्राउझेंनी सूप थंड होऊ दिलं, इतकं छान सांगितलं.

ओदेतने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि त्याच्या बायकोचं काय झालं?"

"ती... नंतर तीही त्या वाटेने गेली."

"नंतर म्हणजे किती नंतर?"

निखिल जरा वेळ बटाटाच कापत बसला. मग म्हणाला, "बऱ्याच नंतर."

* * *

नवरा आता इथे राहत नाही, हे आम्टमध्ये कळवावं लागतं. आम्ट म्हणजे सरकारी कचेरी. जर्मनीत माणूस एक वेळ न सांगता मरेल, पण न सांगता पत्ता बदलणार नाही! ओदेत नंबर लावून बसली. टेबलामागे चष्मेवाली, नीटनेटकी बाई.

"नवीन पत्ता?"

"राजवाडा."

"घर नंबर?"

"नंबर नाही. एकच आहे."

बाईने लिहिलं. "व्यवसाय?"

"राजा."

बाईने चष्म्यावरून पाहिलं. पण फॉर्ममध्ये पुढचा रकाना होता, आणि रकाना असला की तो भरायचा. "स्वतंत्र व्यवसाय की नोकरी?"

ओदेतने खूप विचार केला. खोटं लिहायचं नव्हतं. ती म्हणाली, "बघा, त्याला वरून नेमलंय. त्याला राजीनामा देता येत नाही. त्याला कोणी काढून टाकू शकत नाही. मरेपर्यंत आहे."

बाईचा चेहरा एकदम उजळला. "आल्झो! म्हणजे बेआम्टर!"

बेआम्टर म्हणजे इथला कायमचा सरकारी नोकरदार. हेर क्राउझेंना हे इतकं आवडलं की आठवडाभर कोणी दिसलं की ते हाच किस्सा सांगत होते.

पुढचं ओदेतने फक्त मला सांगितलं. शिक्का मारल्यावर बाईने एक कागद हातात दिला आणि बजावलं, की आता दारावरच्या बेलवरचं नावही काढा, पोस्टमनचा गोंधळ होतो. ओदेतने तो कागद फाइलला लावला. बेलवरचं नाव अजून आहे.

* * *

हा किस्सा माझ्या अकलेचा आहे, त्यामुळे लवकर आटपते.

फाशिंगच्या गुरुवारी आमच्या ऑफिसात सगळे सोंगं घेऊन येतात. मॅनेजर समुद्री चाचा होतो, परचेसमधल्या दोघी मधमाश्या होतात. मी आदल्या आठवड्यात कॉफी मशीनपाशी, दहा माणसांसमोर, मोठ्याने म्हणाले, "ओदेत, तुला ड्रेस भाड्याने आणायला नको! तू राणी म्हणून ये!"

सगळ्यांनी विचारलं, राणी का? मग मी सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं. लोक पोट धरून हसले, आणि आपण काय मस्त सांगतो, असं मला वाटलं.

गुरुवारी सोनेरी कागदाचा मुकुट घातलेल्या तीन राण्या ऑफिसात फिरत होत्या. ओदेत आली ती निळी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. एचआरच्या बाईने हसत विचारलं, "अरे! तुम्ही कशाचं सोंग घेतलंय?"

"मी?" ओदेत म्हणाली. "मी नोकरदार बाईचं."

केवढा हशा! सगळ्यांत जास्त मी हसले. संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "मेधा, मी ते फक्त आपल्या टेबलावर सांगितलं होतं."

लिफ्टचं दार उघडलं आणि आम्ही बाहेर पडलो. मला 'सॉरी' म्हणायचं होतं. ते राहून गेलं.

* * *

त्या उन्हाळ्यात सांगलीहून माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. राणी घरी जेवायला येणार म्हटल्यावर त्यांनी सकाळपासून ठेवणीतली साडी नेसून ठेवली. ओटीचं सामान काढलं. तांदूळ, ब्लाउजपीस, आणि एशियन शॉपमधून आमच्या ह्यांना दोनदा पिटाळून आणलेला शेंडीवाला नारळ.

ओदेत आली. जेवणं झाली. सासूबाई म्हणाल्या, "मेधा, तिला सांग, नाव घे म्हणावं."

मी ओदेतला समजावलं, की आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव एरवी घेत नाही, पण अशा वेळी यमक जुळवून घ्यायला लावतात. ओदेत गंभीर झाली. तिच्याकडेही राजा गादीवर बसला की त्याचं जुनं नाव संपतं. ते कोणीच घेत नाही. आई नाही, बायको नाही. आणि यमक जुळवूनही नाही.

सासूबाई खूश! "अगं, म्हणजे आमच्यासारखंच की! मी पंचावन्न वर्षं ह्यांना 'अहो'च म्हणतेय. हाक कशी मारते म्हणे ती?"

ओदेतने करून दाखवलं. जरा वाकायचं, तळव्यांची ओंजळ करून तीनदा टाळी वाजवायची, मग ओंजळ तोंडासमोर धरून हळू बोलायचं. श्वाससुद्धा राजाकडे जाऊ द्यायचा नाही. सासूबाईंनी लगेच दोनदा प्रॅक्टिस केली. मग ओटी भरता भरता मुद्द्यावर आल्या. "विचार तिला, सवती किती?"

"आई, असं कसं विचारू?"

"अगं राजाची बायको ना ती? विचार!"

ओदेतला विशेष काही वाटलं नाही. ती म्हणाली, सासऱ्यांच्या अठरा विधवा होत्या. गादीबरोबर त्या याच्याकडे आल्या. रिवाजाप्रमाणे त्या आता याच्या बायका, त्यांना सांभाळायचं याने.

मी भाषांतर केलं. सासूबाईंचा हात नारळावर थांबला. "म्हणजे ज्या सासवा, त्याच सवती?"

"गेनाऊ," ओदेत म्हणाली. अगदी बरोबर.

"अठरा?"

"अठरा."

सासूबाईंनी नारळ तिच्या ओटीत ठेवला, त्यावर हात दाबला आणि म्हणाल्या, "मग तू इथेच बरी गं बाई!"

आमचे हे हसता हसता खुर्चीतून उठले. मी ते वाक्य ओदेतला अगदी ठसक्यात सांगितलं. ती हसली, पण जिना उतरताना म्हणाली, "त्या अठराजणी रोज सकाळी त्याच्या अंगणात असतात, मेधा. मी एकटीच नसते." मी तिला जिन्यातच सांगितलं, की असा विचार करायचा नाही.

* * *

दर रविवारी एक वाजता राजाचा व्हिडिओ कॉल येतो. लग्न झाल्यापासून दोघांची रविवारची दुपार एकत्र जेवायची. ड्यूटी काहीही असो, रविवारी एक वाजता एका टेबलावर. तो तिकडे गेल्यावरही त्यांनी ते मोडलं नाही. तिने इकडे ताट वाढायचं, त्याने तिकडे.

पण राजाला जेवताना कोणी बघायचं नसतं. हा तिथला सगळ्यांत कडक नियम. राजाला भूक लागते, हे प्रजेला दिसता कामा नये. बायको झाली तरी ती प्रजाच. त्यामुळे दोघांचं बोलणं होतं, मग ती तीनदा टाळी वाजवते, तो मोबाइल भिंतीकडे वळवतो आणि जेवायला बसतो. ओदेतला दिसते ती चुन्याची भिंत. ऐकू येतं ते चावणं, पाणी पिणं, मधूनच ठसका.

"त्या भिंतीवर एक पाल आहे," ओदेतने कँटीनमध्ये सांगितलं. "बरोब्बर एक वाजता येते. मी आता नवऱ्याबरोबर नाही, त्या पालीबरोबर जेवते. शेपूट तुटली होती तिची, आता पुन्हा आलीय."

हेर क्राउझेंची बायको जाऊन सहा वर्षं झाली. ते म्हणाले, "फ्राउ ओदेत, निदान चावण्याचा आवाज तरी येतोय ना!"

मग कोणीतरी जाता जाता "माल्त्साइट!" म्हणालं. दुपारी इथे नमस्काराऐवजी हेच म्हणतात. आम्हीही म्हणालो आणि जेवायला लागलो.

* * *

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट.

राजाच्या आसनाच्या डाव्या हाताला एक बुटकी, मण्यांनी मढवलेली खुर्ची असते. ती राणीची. ओदेत नव्हती म्हणून ती रिकामी होती. मानकऱ्यांचा निरोप आला : राजाशेजारची जागा रिकामी ठेवणं चांगलं नाही. मक्याची दुसरी सुगी होईपर्यंत आम्ही थांबू. सुगीच्या नाचाला राणी खुर्चीत बसलेली हवी. नसली तर दुसरी कोणी बसेल. आणि एकदा जी बसली, ती मरेपर्यंत उठत नाही.

दुसरी सुगी म्हणजे पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. ओदेतची मुलगी नादेज तेव्हा बारावीत होती. इथे शाळा तेरावीपर्यंत, आणि शेवटी आबितुअर नावाची मोठी परीक्षा. ती पुढच्या वर्षी जूनपर्यंत आटपणार. ओदेतने टेबलावर विचारलं, "मी काय करू? आत्ता जाऊ? नादेज माझ्या बहिणीकडे राहील."

कोणी तोंड उघडायच्या आत मी बोलले. "वेडी आहेस का! शेवटच्या दोन वर्षांत मुलीला सोडून जाणार?" मग मी तिला आमच्याकडची बारावी समजावली. घरात टीव्ही बंद. पाहुणे बंद. माझ्या सख्ख्या चुलतभावाचं लग्न माझ्या बारावीमुळे सहा महिने पुढे गेलं होतं, आणि नवरीकडच्यांनी चकार शब्द काढला नव्हता! "आधी परीक्षा. मग राज्य," मी म्हणाले.

मी एवढ्यावर थांबले नाही. लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये तक्ता करून दिला. जूनमध्ये निकाल, जुलैमध्ये प्रवास, ऑगस्टमध्ये खुर्ची. मध्ये एक महिना राखीव. हिरव्या रंगात. "बघ, आरामात बसतंय!"

ओदेतने तो तक्ता प्रिंट करून फ्रिजवर लावला. पिवळ्या डब्याच्या चिठ्ठीशेजारी.

* * *

तिच्या नवऱ्याची सायकल बाड हॉम्बुर्ग स्टेशनाबाहेर कुलूप लावून उभी होती. विमानतळावर गेला त्या दिवशी स्टेशनापर्यंत सायकलने गेला होता. दोन आठवड्यांत परत येणार होता ना!

एके दिवशी त्या सायकलीला नगरपालिकेची पट्टी बांधलेली दिसली. 'ही सायकल वापरात नाही असे दिसते. चार आठवड्यांत हलवा, नाहीतर आम्ही नेऊ.' ओदेतचा चेहरा पडला. घरी का नेत नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्याने इथे ठेवलीय."

मग काय, आमचं टेबल कामाला लागलं! पट्टी काढून टाकली. निखिल दर सोमवारी सायकल एक खांब पुढे सरकवायचा, पुढच्या सोमवारी एक खांब मागे. हेर क्राउझे महिन्यातून एकदा पंप घेऊन यायचे आणि चाकांत हवा भरायचे. मी सीटवरची धूळ पुसायचे, कधी मुद्दाम हँडलला रिकामी पिशवी अडकवायचे, म्हणजे वाटावं की कोणी आत्ताच ब्रेड घेऊन आलंय. पालिकेचा माणूस येऊन बघून जायचा. पट्टी पुन्हा बांधली गेली नाही.

"राजाची सायकल राखणारे जर्मनीत आपण तिघंच," निखिल म्हणायचा.

त्या सायकलीची जागा आम्ही दीड वर्ष राखली. ओदेतची जागाही कोणी राखायला हवी, हे त्या दीड वर्षात एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

* * *

नादेज उत्तम मार्कांनी पास झाली. जून महिना. ओदेतचं तिकीट जुलैच्या दहा तारखेचं. बॅगा हॉलमध्ये. टेबलावर मी केक आणला आणि जर्मन मंडळींना पेढ्यांचंही महत्त्व सांगितलं.

आणि मग संध्याकाळी ओदेतच्या घरी मी विचारलं, "अ‍ॅडमिशनचं काय?"

नादेजला रेगेन्सबर्गच्या युनिव्हर्सिटीत जायचं होतं. प्रवेशाचं पत्र ऑगस्टमध्ये येणार. मग तिथे खोली बघायची. मी म्हणाले, "ओदेत, निकाल म्हणजे काही शेवट नाही. अ‍ॅडमिशन हातात पडल्याशिवाय आई हलत नाही आमच्याकडे!"

नादेज तिथेच होती. ती जर्मनमध्ये म्हणाली, "मम्मा, तू निघ. मला पत्र उघडता येतं."

मी तिला काय म्हणाले असेन? "तुला काय कळतंय गं!" हे म्हणाले. दुसऱ्याच्या मुलीला, दुसऱ्याच्या घरात.

"पण सुगी ऑगस्टमध्ये आहे," ओदेत म्हणाली.

त्यावर मी जे बोलले, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "अगं, एवढा मोठा समारंभ कधी वेळेवर होतो का? महिनाभर इकडेतिकडे होणारच. आणि तू राणी आहेस. तुझ्यासाठी थांबतील."

आयुष्यभर मी ज्या मुंजी आणि लग्नं पाहिली, त्यांत दहाचा मुहूर्त म्हणजे साडेअकरा. कोणीतरी महत्त्वाचं यायचं राहिलेलं असतं आणि सगळा मांडव थांबलेला असतो. मला वाटलं, सगळं जग असंच.

ओदेतने तिकीट बदलून एक सप्टेंबरचं केलं. तक्त्यात मी स्वतः बदल करून दिला.

त्या वर्षी तिकडे पाऊस नीट झाला आणि मका लवकर तयार झाला. नाच आठवडाभर आधीच झाला. नादेजचं प्रवेशाचं पत्र आलं त्याच आठवड्यात दिराचा फोन आला. या वेळीही तो थोडंच बोलला. "वहिनी, खुर्ची भरली."

शेजारच्या राज्यातल्या राजाची मुलगी. वय चोवीस.

दुसऱ्या दिवशी ओदेत नेहमीसारखी कँटीनमध्ये आली. आम्हाला सांगितलं आणि ट्रे पुढे ओढला. निखिल म्हणाला, "पण तू पहिली आहेस. तुझं लग्न तर आहेच ना?"

"लग्न आहे," ती म्हणाली. "बसायला जागा नाही. आता मी गेले, तर त्या अठराजणींच्या मागे उभी राहीन."

हेर क्राउझे माझ्याकडे पाहत नव्हते. ते मुद्दाम पाहत नव्हते, हे मला कळत होतं. चुका शोधायचा पगार घेणारी बाई मी!

एक सप्टेंबरचं विमान तिच्याशिवाय गेलं.

* * *

त्यानंतरच्या रविवारी मी तिच्याकडे गेले. नादेज खोली बघायला रेगेन्सबर्गला गेली होती. बेलवर दोघांची नावं तशीच. आत शिरल्यावर फ्रिजकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलंच. पिवळ्या डब्याची चिठ्ठी होती. माझा तक्ताही होता.

"ओदेत," मी म्हणाले, "माझं चुकलं. फाशिंगच्या वेळी चुकलं आणि हेही चुकलं. मी बोलायला नको होतं."

ती गॅसपाशी होती. शेंगदाण्याच्या कुटाची आमटी उकळत होती, बाजूला उकडलेली केळी. ती मागे वळली नाही. "ऐकलं तर मीच ना," ती म्हणाली. "बस. आधी जेव."

तिने दोन ताटं वाढली. एक वाजला. मोबाइल वाजला.

तिने तो पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. जरा वाकली, तीनदा टाळी वाजवली, ओंजळ तोंडासमोर धरली. मी बाजूला होते, तरी मला स्क्रीन दिसत होता. चुन्याची भिंत. पाल आलेली होती, शेपूट पुरती वाढलेली.

नेहमी आधी बोलणं होतं म्हणे. त्या दिवशी तिकडून शब्द आला नाही. भिंत हलली. पाल गेली, छत दिसलं, मग एक चेहरा आला. डोक्यावर मण्यांची टोपी. त्याने ती काढून बाजूला ठेवली. आता तो अगदी विमानतळावरच्या इंजिनिअरसारखा दिसत होता, कानशिलावर थोडा पांढरा. त्याने मोबाइल समोर नीट टेकवला. ताट पुढे घेतलं. मक्याच्या उकडीचा एक घास मोडला, आमटीत बुडवला, आणि तिच्याकडे सरळ बघत तोंडात घातला.

तो चावत होता आणि बघत होता. दुसरा घास घेतला. त्याच्या हनुवटीवर आमटीचा थेंब आला, तो त्याने पुसला नाही.

ओदेत हलली नाही. तिच्या हातातला चमचा ताटाच्या काठावर होता. मला वाटलं ती आता रडेल, किंवा त्याला हाक मारेल, त्या जुन्या नावाने. तिचे ओठ हललेही.

मग तिने हात पुसले. मोबाइल दोन्ही हातांनी उचलला, वळवला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून ठेवला.

चावण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा हळूहळू सुरू झाला.

ओदेतने ताट जवळ ओढलं. मी अजून त्या मोबाइलच्या पाठीकडे पाहत होते.

"मेधा, तिकडे बघू नकोस," ती म्हणाली. "राजा जेवतोय."